मुंबईचा जमाखर्च



गौरी-गणपती झाले. मुंबईकर मंडळी माघारी गेली आणि वाडी पुन्हा आपल्या चालीवर आली. पाच-सहा दिवस प्रत्येक ओट्यावर चपलांचा ढीग होता, आता पुन्हा म्हाताऱ्या माणसांच्या दोन-दोन जोड्या उरल्या. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल लिहीन असं मागच्या खेपेला म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यात नक्की. आज जरा घरातली गोष्ट सांगतो. घरातली म्हणतो खरी, पण ती तुमच्याही घरातली असेल.

गौरी जेवल्या त्या रात्री पानं उचलल्यावर माझा पुतण्या जवळ येऊन बसला. म्हणाला, "तात्या, रस्त्याकडचा माझ्या वाट्याचा एक एकर काढावा म्हणतोय. गिऱ्हाईक आलंय. त्या पैशात बदलापूरकडं एका खोलीचे सुरुवातीचे पैसे भागतात. उरलेल्याचं कर्ज काढीन. किती दिवस भाड्यात राहायचं?"

दादा म्हणजे त्याचे वडील. ते काही बोलले नाहीत. बॅटरी घेऊन गोठ्याकडं निघून गेले. वहिनी भांडी घासता घासता थांबल्या.

मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर पोरगा दुखावला असता, 'हो' म्हटलं असतं तर दादा. म्हणून मी म्हटलं, "वही आण. एका पानावर मुंबईची जमा लिहू, दुसऱ्यावर नावे. तुझी बायको, तुझी आई, सगळी बसू. मग एकराचं बोलू." दोन रात्री आम्ही ती वही लिहीत होतो. त्यातलं जे सर्वांच्या उपयोगाचं आहे ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

पहिल्यांदा एक गोष्ट समजून घेऊ. मुंबई म्हणजे नुसतं मोठं गाव नव्हे. जगात काही शहरं अशी आहेत की तिथं ठरतं ते सगळ्या देशांना लागू होतं. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, सिंगापूर ही त्यांतली नावं. आपल्या देशात हा मान मुंबईचा. रिझर्व्ह बँकेची मुख्य कचेरी तिथं, १८७५ साली सुरू झालेला शेअर बाजार तिथं, मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या तिथं. आपल्याला वाटतं, याचा आपल्याशी काय संबंध? पण सोयाबीनचंच बघा. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १८४८ पासून धान्याचा मोठा सौद्याचा बाजार आहे. तिथं सोयाबीनचा भाव पडला की तेलाचा भाव हलतो, पेंडीचा हलतो, आणि आपल्या तालुक्याच्या बाजार समितीत व्यापारी मान हलवायला लागतो. त्या शहरात आपण कधी पाऊल ठेवलं नाही, पण त्याचा हात आपल्या पोत्यावर आहे. तेव्हा अशा शहराला नुसत्या शिव्या देऊन चालत नाही आणि त्याची आरती करूनही चालत नाही. त्याचा हिशेब मांडावा लागतो.

आता जमेचं पान.

पहिली जमा म्हणजे काम. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. त्याच सुमाराला, १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत गिरणी सुरू झाली. तेव्हापासून कोकण आणि घाटावरची माणसं मुंबईच्या वाटेला लागली. दुष्काळ पडला, सावकाराचा तगादा लागला, भावाभावांत जमीन वाटून तुकडे झाले की घरटी एक माणूस मुंबईला जायचा. साताऱ्याकडचे कितीतरी जण माथाडी झाले. पाठीवर गोणी वाहणाऱ्या या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडींचा कायदा झाला. मावळ, खेड, जुन्नरकडची माणसं डबेवाले झाली. आपल्या कितीतरी गावांतल्या शाळेची इमारत, देवळाचा कळस, विहिरीचं इंजिन या मुंबईच्या मनिऑर्डरीतून झालं आहे. हे विसरलो तर आपण कृतघ्न ठरू.

दुसरी जमा जरा अवघड आहे, पण लिहिलीच पाहिजे. गावात माणसाला त्याच्या घराण्यावरून, आळीवरून ओळखतात. ज्याची आळी गावकुसाबाहेर होती त्याला ही ओळख ओझ्यासारखी होती. मुंबईनं त्याला गर्दीत उभं केलं. कारखान्याच्या दाराशी आणि आगगाडीच्या बाकावर कुणी कुळी विचारत नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी.आय.टी. चाळीत वीसेक वर्षं राहिले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९३१ च्या सुमाराला आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले, तिथं मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले आणि पुढं एवढे मोठे लेखक झाले. गिरणीतही भेद होता, आजही खोली भाड्यानं देताना आडनाव विचारणारे आहेत. पण वाट मोकळी होण्याची सुरुवात अशा शहरांतून झाली, हे कबूल करायला पाहिजे.

तिसरी जमा दवाखान्याची. परळचं टाटा रुग्णालय १९४१ सालचं, के.ई.एम. १९२६ सालचं. आमच्या वाडीतले चार रोगी तरी तिथं जाऊन आले, त्यांतले दोन आज शेतात काम करताहेत. गरीब रोग्यांच्या नातलगांना टेकायला जागा नसते म्हणून गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. स्वतः महाराज खेड्यातले. पण आजारी खेडं शेवटी मुंबईला येतं हे त्यांनी ओळखलं होतं.

चौथी जमा कोणती ते आमच्या सूनबाईनं सांगितलं. पुतण्या वही लिहीत होता, तो म्हणाला, "झालं जमेचं पान." तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "माझी एक लिहा. पाणी." मी म्हटलं, "पाणी?" ती म्हणाली, "होय तात्या. सकाळी दीड तास नळाला पाणी येतं, पण घरात येतं. इथं लग्न होऊन आले तेव्हा मी उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा खेपा करत होते. तिथं माझी कंबर दुखत नाही. आणखी एक लिहा. मी तिथं एका पोळीभाजी केंद्रात चार तास पोळ्या लाटते. त्याचे पैसे माझ्या नावच्या खात्यात येतात. रात्री साडेआठला एकटी घरी येते, कुणी विचारत नाही कुणाची सून, कुठं गेली होती." वहिनी तिच्याकडं बघतच राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. मला वाटतं, आपण किती खेपा केल्या ते त्या मनात मोजत असाव्यात.

गिरणगावात हजारो बायकांनी खानावळी चालवल्या आणि कामगारांना जेवू घातलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्या बायकांना बँकेची कर्जं मिळायला लागली. बाईच्या हातातल्या कामाला पैशाचं मोल असतं, हे शहरानं लवकर मानलं. आपण गावात अजून पुरतं मानत नाही. पेरणी, खुरपणी, काढणी सगळी तिची, आणि पट्टी मात्र मालकाच्या नावावर.

आता नावेचं पान.

पुतण्याचा पगार २८ हजार. गावात सांगितला की माणसं भुवया वर करतात. पण आम्ही तो वहीत उतरवला. खोलीचं भाडं ८ हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून ९ हजार. पोराची शाळा आणि शिकवणी ३ हजार. वीज, फोन, रेल्वेचा पास २ हजार. औषधपाणी, पाहुणारावळा २ हजार. बेरीज झाली २४ हजार. उरले ४ हजार आणि सूनबाईच्या पोळ्यांचे वर. आता यातून कर्जाचा हप्ता कुठून काढायचा? मंडळी, शहराचा पगार ऐकताना आपण वरचा आकडा ऐकतो. ऐकायचा असतो तो खालचा.

त्यानंतर वेळ. पोरगा दिव्याला राहतो, कामाला अंधेरीला. सकाळी साडेसहाला निघतो, दादरला गाडी बदलतो, रात्री नऊला येतो. रोज चारेक तास जाण्यायेण्यात, बराच वेळ उभं राहून, दुसऱ्याच्या कोपरात तोंड घालून. महिन्याचे शंभर तास झाले. मी त्याला म्हटलं, "एवढ्या तासांत इथं एक एकर खुरपून होईल." तो हसला. म्हणाला, "तात्या, खुरपताना निदान वारा तरी लागतो."

हसण्यावारी नेलं तरी ही गोष्ट साधी नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर गाडीतून पडून, रूळ ओलांडताना आणि अशाच कारणांनी २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दाराला लोंबकळणारे प्रवासी दोन गाड्या शेजारून जाताना खाली पडले, त्यात काही जण जागच्या जागी गेले. पुतण्याची गाडी त्याच मार्गावरची. वहिनींना हे ठाऊक नव्हतं. पुतण्यानं ते वहीत लिहू दिलं नाही. मी इथं लिहितो आहे, कारण ज्यांची मुलं रोज त्या गाडीत असतात त्यांना ते माहीत असावं.

मग जागा. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या जवळ भरली आणि त्यांतली शंभरातली चाळीसहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. ज्या शहरात देशाचा पैसा मोजला जातो तिथं घामाच्या माणसाला झोपायला जागा नाही. याचं कारण सरळ आहे. समुद्रात शिरलेली चिंचोळी जमीन, ती वाढत नाही आणि माणसं वाढतात. जगभरचा पैसा जिथं येतो तो जमिनीत मुरतो आणि भाव चढतो. मग ज्यांच्यामुळं शहर चालतं ती माणसं लांब लांब ढकलली जातात. लालबागहून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर. न्यूयॉर्क आणि लंडनमध्येही साफसफाई करणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी माणसं अशीच दूर राहतात आणि पहाटे निघतात. हा रोग एकट्या मुंबईचा नाही.

सगळीकडं असंच असलं पाहिजे असंही नाही. सिंगापूर मुंबईपेक्षा फार मोठं नाही. तिथल्या सरकारनं १९६० साली घरबांधणीचं मंडळ काढलं आणि आज तिथल्या शंभर रहिवाशांतले ऐंशीच्या आसपास सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात. तेव्हा शहर म्हटलं की झोपडपट्टी आलीच, हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. मात्र त्याच सिंगापूरला खाण्याच्या शंभर भागांतले नव्वदहून जास्त भाग बाहेरून आणावे लागतात. पैसा कितीही असो, ताटातलं अन्न कुणाच्या तरी शेतातूनच येतं.

नावेच्या पानावरची शेवटची ओळ मी लिहिली. तिचं नाव 'वाईट दिवस'. ही ओळ कुणी लिहीत नाही.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. गावकीच्या खोलीत वीस-बावीस जण पाळीपाळीनं झोपायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आधी महिनाभर, मग होळीपर्यंत, मग पाऊस पडेपर्यंत, असं करत करत तो संप कधी संपलाच नाही. वडील ट्रंक आणि वळकटी घेऊन घरी आले. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पहाटे उठून त्यांनी औत जोडलं. चार एकर जिराईत आणि एक म्हैस, एवढ्यावर आठ माणसं निभावली. पोटभर नाही, पण निभावली.

त्यांच्याच खोलीत शेजारी पथारी टाकणारा एक साचेवाला होता. त्याची जमीन आधीच सावकाराच्या घशात गेली होती. त्याला परतायला गाव उरलं नव्हतं. तो पुढं कितीतरी वर्षं लालबागच्या पुलाखाली भाजीची फळी लावत होता. वडील मुंबईला गेले की त्याला भेटून यायचे आणि घरी आल्यावर बांधावरून एक फेरी मारायचे. त्या फेरीचा अर्थ मला फार उशिरा कळला. गिरण्यांच्या जागी आज टोलेजंग इमारती आहेत.

दुसरा वाईट दिवस म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या दुष्काळी भागात दोन वर्षांत एवढा पडत नाही. तिसरा म्हणजे २०२० चा मार्च. कोरोनाची टाळेबंदी लागली, लोकल बंद झाल्या, हाताला काम नाही आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. जगातली कितीतरी मोठी शहरं तेव्हा अशीच ठप्प झाली होती. मुंबईची माणसं मिळेल त्या वाहनानं, काही तर पायी, गावाकडं निघाली. आपणही तेव्हा काही फार शहाणे वागलो नाही. कितीतरी गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. पण अखेर शाळेच्या वर्गात का होईना, जागा दिली. पुतण्याचं कुटुंब चौदा दिवस आमच्या शाळेत आणि पुढं सात महिने घरी होतं. त्या सात महिन्यांत या एकरातला भुईमूग आणि ज्वारीच त्यांनी खाल्ली.

मी वही मिटली आणि विचारलं, "आता सांग, तो एकर विकून घेतलेली खोली २०२० साली तुला काय खायला देणार होती?"

पोरगा गप्प बसला. पण सूनबाई म्हणाली, "तात्या, एक बोलू का?" मी म्हटलं, "बोल पोरी." ती म्हणाली, "एकर विकू नका, हे मलाही पटतं. पण त्याच दमात 'परत या' असं म्हणू नका. तुम्ही मुंबईला नावे लिहिलीत. गावाच्या नावे काही नाही का? पडेल भावानं माल टाकून यायचा, पंधरा दिवसांनी एकदा वीज, ती पण रात्री. पोराला शिकवायला आठवीच्या पुढं तालुका. आणि पाण्याच्या खेपा. मी इथं परत आले तर ह्या सगळ्या माझ्या डोक्यावर येणार." वीज पंधरा दिवसांनी एकदा येत नाही, पोरीनं वाढवून सांगितलं. पण ज्या आठवड्यात रात्रपाळीची वीज असते तेव्हा मी स्वतः तीन वाजता काठी घेऊन पाणी द्यायला जातो, म्हणून मीही काही बोललो नाही.

मंडळी, तिचं खरं आहे. शहराचे दोष मोजले म्हणून गावाचे दोष वजा होत नाहीत. जपानकडं बघा. टोकियो आणि भोवतालच्या पट्ट्यात तीन कोटींहून जास्त माणसं दाटली आहेत, आणि देशभर २०२३ च्या मोजणीत ९० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. खेडोपाडी शेतं कसायला म्हातारीच माणसं उरली आहेत. तिथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय पासष्टच्या पुढं गेलं आहे. तिथं गावात रस्ता आहे, वीज आहे, तरी तरुण राहिले नाहीत. आपल्याकडं तर रस्ता आणि विजेपासून सुरुवात आहे. मुलांना थांबवायचं असेल तर 'मुंबई वाईट' असं सांगून ती थांबणार नाहीत. गावात थांबण्यासारखं काही करावं लागेल.

यात शहराचंही काही देणं लागतं. सूनबाईनं जमेला पहिलं पाणी लिहिलं ना, मुंबईचं पाणी कुठलं? मुंबईला रोज पावणेचारशे कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसा धरणातून येतं. १८९२ साली बांधलेला तानसा तलाव आणि हे भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवावं लागतं. धरण उशाशी आणि कोरड घशाशी. शहराच्या नळाला पाणी येतं ते दुसऱ्या कुठल्या तरी सुनेच्या खेपा वाढवून येतं, हे मी तिला सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

यावर काही करता येत नाही असं मात्र नाही. न्यूयॉर्क शहरात ८० लाखांहून जास्त माणसं राहतात. त्यांचं पाणी दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या डोंगराळ शेतीच्या मुलखातून येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं तलाव बांधताना गावंच्या गावं उठवली, कबरीसुद्धा हलवल्या. त्या लोकांचा राग पिढ्यान् पिढ्या गेला नाही. पुढं शहराला पाणी शुद्ध करायचा अवाढव्य कारखाना बांधायची वेळ आली. त्याला अब्जावधी डॉलर लागणार होते. तेव्हा शहरानं दुसरा हिशेब केला. कारखाना बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यालाच पैसे द्यावेत, म्हणजे तो शेणखत नीट साठवील, गुरं ओढ्यात जाऊ देणार नाही, झाडं राखील आणि पाणी मुळातच स्वच्छ राहील. १९९७ साली शहर आणि त्या गावांच्यात करार झाला. शहर पैसे देतं, शेतकरी पाणी राखतो. सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नव्हे, कुरबुरी आहेत. पण शहरानं गावाचं देणं कागदावर मान्य केलं, ही गोष्ट मोठी आहे. असा कागद शहापूरच्या पाड्यांशी व्हायला काय हरकत आहे? आपल्या निवडून दिलेल्या माणसांना हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आता घरचा निकाल सांगतो. एकर विकायचा नाही असं ठरलं. पोरगा मुंबईतच राहील, भाड्याच्या खोलीत. 'परत या' असं कुणी म्हणायचं नाही, पण यायचं झालं तर वाट उघडी. दिवाळीला आणि शिमग्याला वर्षाची ज्वारी, शेंगदाणे, तूरडाळ एस.टी.नं पोचवायचं माझ्याकडं. म्हणजे त्याच्या वहीतले किराण्याचे दोन-अडीच हजार वाचतील आणि खालचा आकडा वाढेल. दादांनी त्यावर आपणहून एक कलम घातलं. परसात पाण्याची टाकी बांधायची आणि विहिरीवरून नळ आणायचा. म्हणाले, "सून सुट्टीला येते ती खेपा करायला नको." वहिनी तिथंच होत्या. म्हणाल्या, "आणि मी रोज करते त्याचं काय?" दादांनी मान खाली घातली. टाकीचा खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी खणायला घेतला.

ज्यांच्या घरी असाच विचार चालू आहे त्यांना चार गोष्टी सांगतो. मुलगा किंवा मुलगी शहरात पाठवण्याआधी घरातल्या एकानं तिथं आठ दिवस राहून यावं. सणाला नव्हे, कामाच्या दिवसांत. पहाटेची गाडी एकदा स्वतः पकडून बघावी. पगार किती हे विचारू नये, महिनाअखेर उरतं किती ते विचारावं. भविष्यनिर्वाह निधी कापतात का, खोलीचा करार कागदावर आहे का, हे पाहावं. गावचं अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड आता शहरातल्या दुकानावरही चालतं, तेव्हा ते धान्य सोडू नये. आणि जमीन विकायचीच झाली तर आधी घरातल्या सगळ्यांना, सुनेलासुद्धा, एका वहीपुढं बसवावं. लेकींचा तर वडिलार्जित जमिनीत बरोबरीचा हक्कच आहे. आपल्या राज्यात तो १९९४ पासून आहे, देशात २००५ पासून. त्यांना डावलून केलेला सौदा पुढं कोर्टात उभा राहतो.

जाताना एस.टी.त बसल्यावर पुतण्यानं खिडकीतून ती वही माझ्या हातात दिली. म्हणाला, "तात्या, तुमच्याकडंच ठेवा. पुढच्या गणपतीला पुन्हा मांडू." मी ती सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. टाकीचं काम गिलाव्यापर्यंत आलं आहे.

बरं, तुरीला फुलं धरायला लागली असतील. पुढच्या आठवड्यात अळीचं बोलू.

रामराम.